स्थैर्यांक सत्तावन्न

नोटीस आली तेव्हा प्रणिता देरकर एका निवृत्त स्टेशनमास्तरांच्या खालच्या कवळीला पॉलिश करत होती. दोन्ही हात गुलाबी भुकटीने माखलेले होते, म्हणून मोबाइल तिने कोपराने जवळ ओढला. बँकेचं नाव दिसलं. हप्त्याची पोच असेल, असं समजून ती पुन्हा कामाला लागली. मिनिटभरात फोन परत वाजला. या वेळी अक्षरं लाल होती.

‘आपल्या घराचा स्थैर्यांक ५७. किमान मर्यादा ६०. तारण अस्थिर झाल्यामुळे संपूर्ण कर्ज साठ दिवसांत परत मागवण्यात येत आहे. अन्यथा घराचा ताबा घेऊन लिलाव करण्यात येईल.’

तिने पॉलिशचं यंत्र बंद केलं. ती गेली सोळा वर्षं दात बनवत होती, घर झाल्यापासून मागच्या खोलीतल्या या छोट्या लॅबमध्ये. हिंगणघाटपासून चंद्रपूरपर्यंतचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे ठसे तिच्याकडे पाठवायचे. त्या कमाईतून आणि नवऱ्याच्या पगारातून वरोऱ्यातल्या स्नेहनगरात हे दुमजली घर उभं राहिलं होतं. अकरा वर्षांत एकही हप्ता चुकला नव्हता.

ती उठली आणि घरभर फिरली. भिंतींवर हात फिरवला, जिन्याखाली वाकून पाहिलं, मोरीचा कोपराही पाहिला. एक भेग सापडली नाही. बेडरूमचं दार नेहमीसारखं अलगद मिटलं.

संध्याकाळी मोरेश्वर शाळेतून आला. तो भूगोल शिकवायचा. त्याने नोटीस दोनदा वाचली आणि खुर्चीत बसला.

“अहो, घर जागचं हललेलं नाही,” प्रणिता म्हणाली.

“आपल्याला दिसत नसेल. उपग्रह खोटं कशाला बोलेल, प्रणिता?”

त्या काळी हे उत्तर बहुतेक घरांत दिलं जात असे. त्याला कारणही होतं. वरून फिरणारे रडार-उपग्रह दर बारा तासांनी त्याच वाटेने जात आणि जमिनीवर लहरी सोडत. लहर खाली आदळून परत येई. तिची लांबी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. जमीन दोन-चार मिलिमीटर जरी खाली गेली, तरी परतणाऱ्या लहरीला तेवढा जास्त प्रवास पडे, आणि तिचे चढउतार आधीच्या फेरीतल्या चढउतारांशी जुळेनासे होत. दोन फेऱ्यांमधला हा फरक मोजला की साडेसहाशे किलोमीटर उंचीवरून घर किती खचलं ते सांगता येई. डोंगर कोसळण्याआधी या यंत्रणेने गावंच्या गावं रिकामी करवली होती. लोकांचा तिच्यावर विश्वास बसला तो उगाच नव्हे.

मग हीच मापं बँकांनी विकत घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक तारण घराला शंभरपैकी गुण मिळू लागले. खाणी असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात तर जमीन खचणं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे ‘साठच्या खाली घर, तर कर्ज परत’ हा नियम आला तेव्हा कोणी फारसं कुरकुरलंही नाही. आपलं घर साठच्या खाली जाईल, असं कोणाला वाटतं?

“वकील करावा लागेल,” प्रणिता म्हणाली.

“त्यापेक्षा बँकेशी बोलून घेऊ. आपणच घर विकलं तर लिलावापेक्षा बरं.”

“कोण घेईल सत्तावन्नचं घर?”

मोरेश्वरने नोटीस तिसऱ्यांदा वाचायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून तिचा शोध सुरू झाला. आधी तिने मोबाइलवरच्या वकील शोधून देणाऱ्या सेवेला विचारलं. त्या सेवेने अर्ध्या मिनिटात नोटीस वाचली आणि गोड आवाजात सांगितलं की अशा प्रकरणांत शंभरातले चौऱ्याण्णव कर्जदार तडजोड करतात, तिनेही करावी. उरलेल्या सहा जणांचं काय झालं, असं तिने विचारलं. ‘ती माहिती उपलब्ध नाही.’

मग नागपूरच्या एका मोठ्या वकिलांशी व्हिडिओवर बोलणं झालं. बोलण्यात अदब होती, मागे चामड्याच्या पुस्तकांची रांग होती. “मॅडम, मापाला आव्हान देऊन उपयोग नाही. मुदत वाढवून मागू,” ते म्हणाले. घर पाहायला कोणी येईल का, असं विचारल्यावर ते हसले. “घर उपग्रहाने पाहिलंय ना.”

तिसरे वकील गावातलेच होते. त्यांनी तिला चहा पाजला, तासभर धीर दिला आणि ‘केस हमखास जिंकू’ म्हणाले. निघताना तिची नजर त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. खाली त्याच बँकेचं नाव होतं, ‘आमच्या पॅनेलवरील विधिज्ञांना सप्रेम भेट’. तिने चप्पल घातली आणि मागे न पाहता जिना उतरली.

कोर्टाच्या आवारात लोकांना अर्ज भरून देणारी एक खिडकी होती. प्रणिता तिथे जाऊन उभी राहिली.

“स्थैर्यांकाच्या नोटिशीविरुद्ध आपल्या तालुक्यातून आजवर कोणकोणत्या केसेस झाल्या, ते मला पाहायला मिळेल?”

खिडकीतल्या मुलीने चमकून पाहिलं. असं कोणी विचारत नसे. तिने नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाची जाहीर यादी उघडली. तीन केसेस होत्या. दोन मागे घेतलेल्या. तिसरी शेवटपर्यंत चालली होती आणि कर्जदार हरला होता. कर्जदाराचं नाव गुणवंत पिंपळशेंडे, माजरी. वकील, अ‍ॅड. विशाखा गेडाम.

प्रणिता दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने माजरीला गेली. गुणवंतचं स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. तो हात पुसत बाहेर आला. तिने आपली ओळख सांगितली आणि सरळ विचारलं, “तुम्ही केस हरलात. वकिलांमुळे हरलात का?”

तो हसला. “नाही ना ताई. माझं घर खरंच खचून राहिलं होतं. खालून खाण गेली होती. गेडाम मॅडम पहिल्याच दिवशी घरी आल्या, फरशीवर काचेची गोटी ठेवली. गोटी सरळ भिंतीपर्यंत गेली. त्या म्हणाल्या, दादा, हे घर काही राहायचं नाही, पण तुम्ही रस्त्यावर येणार नाही हे मी पाहते. केस नऊ महिने चालवली. तेवढ्यात खाणीकडून दुसरी जागा मिळवून दिली. हे दुकान त्या जागेतच आहे.”

“म्हणजे त्यांनाच वकील करू?”

“दुसऱ्या एका वकिलानं मला जिंकून देतो म्हटलं होतं,” गुणवंत म्हणाला. “त्याच्याकडे गेलो असतो तर आज घरही नसतं अन् दुकानही.”

विशाखा गेडाम यांचं ऑफिस वरोऱ्यातच, कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर होतं. चाळिशीच्या आतबाहेरची, सावळी, थोडी घोगऱ्या आवाजाची बाई. अशिलासाठी असलेल्या खुर्चीवर फायली होत्या, त्या त्यांनी उचलून खिडकीत ठेवल्या. प्रणिताने पर्समधून लॅबची एक चिठ्ठी काढली. तिच्यावर तिने प्रश्न लिहून आणले होते.

“मॅडम, राग मानू नका. तुम्ही या बँकेचं काम कधी केलंय?”

“याच काय, कुठल्याच बँकेचं नाही.”

“सुनावणीला तुम्ही स्वतः उभ्या राहाल की ज्युनिअर?”

“ज्युनिअर परवडत नाही. मीच.”

“फी?”

“टप्प्याटप्प्याने. आक्षेप दाखल केला की एक भाग, न्यायाधिकरणात गेलो की दुसरा. प्रकरण आक्षेपावरच मिटलं तर दुसरा भाग नाही. लिहून देते.”

प्रणिताने चिठ्ठीवरची शेवटची ओळ वाचली. “आपण जिंकू?”

“ते मला आज कसं कळेल?” गेडाम म्हणाल्या. “घर पाहिल्याशिवाय जो तुम्हाला हो म्हणेल, त्याला वकीलपत्र देऊ नका, ताई.”

प्रणिताने तिथेच सही केली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, गेल्या सहा दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले होते. केस तर अजून सुरूही झाली नव्हती.

त्याच संध्याकाळी गेडाम घरी आल्या. त्यांनी खरंच पिशवीतून गोटी काढली आणि हॉलच्या मधोमध ठेवली. प्रणिता आणि मोरेश्वर वाकून पाहत होते. गोटी होती तिथेच राहिली. स्वयंपाकघर, लॅब, वरची खोली, सगळीकडे तेच झालं.

“ही काही कोर्टाला दाखवायची गोष्ट नाही,” गेडाम म्हणाल्या. “पण आता मला कळलं की मी कशासाठी भांडणार आहे.”

त्यांनी बँकेकडे आक्षेप पाठवला, आणि त्यात एक मागणी होती. नुसता स्थैर्यांक नको, तो ज्या मापांवरून काढला ती मूळ मापं द्या. कर्ज परत मागायचं तर त्याचा आधार दाखवणं बँकेवर बंधनकारक होतं. आजवर या तालुक्यात कोणी तो मागितलाच नव्हता.

उत्तराची वाट पाहण्याचे दिवस वाईट गेले. स्नेहनगरच्या ओळीत अठरा घरं होती आणि बातमी प्रत्येक घरात पोचली होती. शेजारणी दारातून हसायच्या, पण आत यायच्या नाहीत. एका रविवारी सकाळी खिरटकर काका आले. ते डाव्या हाताचे शेजारी, आयटीआयमधले निवृत्त वेल्डिंग शिक्षक. घर बांधताना महिनाभर त्यांनीच प्रणिताला पाणी दिलं होतं. ते बसलेच नाहीत.

“प्रणिता, तू म्हणे अपील करून राहिली?”

“हो, काका.”

“अपील झालं की बँकेच्या नकाशावर सगळी ओळ वादग्रस्त म्हणून पिवळी होते. माहीत आहे ना? माझंही घर तारण आहे. कुणाचं नाही इथं? एका घरापायी अठरा घरांना काहून त्रास?”

“मग मी काय करू? निघून जाऊ?”

“बँकेशी मिटवून टाक,” ते म्हणाले आणि गेले.

मोरेश्वर दारातच उभा होता. “ते अगदीच चुकीचं नाही बोलत,” तो हळू म्हणाला. प्रणिता लॅबमध्ये गेली. तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त असं वाटत होतं की आपण आपल्याच घरात पाहुणे झालो आहोत.

नोटिशीच्या एकोणिसाव्या दिवशी बँकेकडून मापांची फाइल आली. गेडाम ती घेऊन लगेच आल्या. आकड्यांच्या लांबलचक रांगा होत्या, दोन वर्षांच्या. त्यांतलं त्या दोघींना फारसं समजत नव्हतं. मोरेश्वरला मात्र थोडं कळत होतं. तो आधी लांबूनच पाहत होता, मग खुर्ची ओढून बसला.

“हे एकाच बिंदूचं माप आहे,” तो म्हणाला. “एवढ्या मोठ्या घराचा एकच बिंदू. जो सगळ्यात जास्त चमकतो तो.”

प्रणिताने मान वर केली. “थांबा. कवळी बसत नाही अशी तक्रार आली की मी आधी एकच गोष्ट पाहते. ठसा त्याच माणसाचा आहे ना? एकदा दवाखान्यात दोन ठशांची अदलाबदल झाली होती. कवळी अगदी अचूक होती, पण दुसऱ्याच्या तोंडाची.” ती गेडामकडे वळली. “हा बिंदू आपल्याच घरावर आहे, हे कोणी पाहिलंय?”

गेडामनी फाइलमधले अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये घातले आणि तिघंही अंगणात आली. बाण त्यांना डावीकडे नेत होता, कुंपणाकडे. कुंपणाशी येऊन तो थांबला, पण अजून नऊ मीटर पुढे बोट दाखवत राहिला. नऊ मीटर पुढे खिरटकर काकांची पत्र्याची शेड होती, त्यांच्या घराच्या भिंतीला टेकलेली.

मोरेश्वरने कपाळाला हात लावला. “पत्रा! पत्र्याचं छप्पर आणि त्यामागची उभी भिंत यांचा काटकोन झाला की रडारची लहर आलेल्या वाटेने सरळ परत जाते. आरशासारखी. आपल्या गच्चीवर कुंड्या आहेत, तिथून काहीच परत जात नाही. त्या यंत्रणेने बिंदूच्या उंचीचा अंदाज चुकवला, तो दुसऱ्या मजल्याएवढा धरला. काकांचं घर बैठं, म्हणून बिंदू आपल्या दुमजली घराच्या नावावर टाकला.”

“म्हणजे उपग्रह खोटं बोलला नाही,” प्रणिता म्हणाली.

“खरंच बोलला. शेडबद्दल.”

तिघांनाही हसू आलं. किती दिवसांनी त्या अंगणात हसू ऐकू आलं होतं. मग गेडाम गंभीर झाल्या.

“आता नीट ऐका. सोपा रस्ता हा आहे की आपण म्हणायचं, बिंदू आमच्या जागेत नाही. मोजणी खात्याचा दाखला जोडायचा. आठ दिवसांत तुमची नोटीस रद्द होईल, याबद्दल मला शंका नाही. पण तो बिंदू कुठे तरी जाणारच. दुसऱ्या दिवशी तो खिरटकरांच्या घराला चिकटेल आणि लाल नोटीस त्यांना येईल.”

“आणि अवघड रस्ता?”

“शेड हलते पण घरं हलत नाहीत, हे सिद्ध करायचं. मग दोन्ही घरं सुटतील, कदाचित सगळी ओळ. पण त्याला पुरावा लागेल. तो सापडेलच असं नाही, आणि तुमचे एकेचाळीस दिवस उरलेत. मी तुमची वकील आहे, त्यांची नाही. तुम्ही म्हणाल ते मी करीन.”

गेडाम गेल्यावर मोरेश्वर म्हणाला, “सोपा घेऊ. ते काय म्हणाले आठवतं ना तुला? एका घरापायी.”

“आठवतं.”

“मग?”

प्रणिता लॅबमध्ये जाऊन बसली. स्टेशनमास्तरांची इतके दिवस रखडलेली कवळी पूर्ण करून तिने डबीत भरली. तिला काकांचा राग होता, आणि तो जात नव्हता. पण नोटीस वाचून आपण भेगा शोधत घरभर फिरलो होतो, तेही तिला आठवत होतं. तेच आपण जाणूनबुजून दुसऱ्याला करायला लावायचं, या विचाराने तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती काकांच्या दारात गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

काका आधी भडकले. “म्हणजे आता माझ्यावर ढकलून राहिली का?”

“ढकलायचं असतं तर मी आले नसते, काका. दाखला जोडून मोकळी झाले असते.”

काका एकदम उठले. “तर मग शेडच काढून टाकतो. आजच. कटर आहे माझ्यापाशी.”

“काका, नका! शेड गेली तर आपल्यापाशी पुरावा काय उरेल?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “तू तरी पाहून घे एकदा,” असं म्हणत ते तिला शेडमध्ये घेऊन गेले.

आत वेल्डिंगचं सामान, जुने दरवाजे, एक ऐरण. शेडला स्वतःची चौथी भिंत नव्हती, त्या बाजूला घराचीच भिंत होती. छताचा लोखंडी अँगल त्या भिंतीला टेकलेला होता. प्रणिताला अँगलच्या टोकाशी प्लॅस्टरवर काही तरी दिसलं. ती स्टुलावर चढली. तिथे एक उभी खाच होती, बोटाच्या दोन पेरांएवढी, तळापर्यंत गंजाने तांबडी झालेली.

“ही कशाची?”

“ती होय? दरवर्षी होते ती. पावसाळ्यात अँगल वर सरकतो, उन्हाळ्यात खाली येतो. भिंत घासते. किती वेळा सिमेंट भरलं मी, राहत नाही.” बोलता बोलता काका थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं लोखंडाशी खेळलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही.

तिथली जमीन काळी, कापसाची. पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. शेड त्या मातीवर नुसती ठेवल्यासारखी होती, खाली चार बोटं काँक्रीट. म्हणून ती वर्षभर वरखाली होत असे. मागची दोन वर्षं पाऊस कमी झाला, त्यामुळे उतरली तेवढी चढली नाही. घरं मात्र वेगळी होती. गेडामनी नगर परिषदेच्या दप्तरात तीन दिवस बसून स्नेहनगरचे मूळ नकाशे शोधून काढले. अठराही घरांखाली काँक्रीटचे खांब होते, काळ्या मातीतून आरपार जाऊन अकरा फुटांवरच्या मुरुमात रुतलेले. वरची माती काहीही करो, घर त्या मुरुमावर उभं होतं. आणि घराच्या भिंतीवर शेडने आपल्याच हाताने आपली चढउतार लिहून ठेवली होती.

“फोटो पुरेल का?” मोरेश्वरने विचारलं.

“खाच किती खोल आहे ते फोटोत कोर्टाला दिसत नाही,” गेडाम म्हणाल्या.

“मी दाखवते,” प्रणिता म्हणाली.

तिने जबड्याचे ठसे घ्यायचं निळं रबर कालवलं, स्टुलावर चढून खाचेत भरलं आणि चार मिनिटं हाताने दाबून धरलं. काका स्टूल धरून उभे होते. सुटून आलेल्या ठशावरून तिने प्लॅस्टरचा नमुना बनवला. भिंगातून पाहिलं तर खाचेत एकावर एक घासल्याच्या कितीतरी रेघा होत्या. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत लांबी भरली त्रेचाळीस मिलिमीटर. मोरेश्वरने उपग्रहाच्या फाइलमधलं सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं माप शोधलं. फरक एकेचाळीस मिलिमीटर. तो हा आकडा पुन्हा पुन्हा पाहत राहिला. मग उठून त्याने प्रणितासाठी चहा केला. साखर जास्त पडली होती, पण ती काही बोलली नाही.

बँकेने आक्षेप फेटाळला. गेडाम न्यायाधिकरणात गेल्या, आणि या वेळी अर्जावर दोन नावं होती, देरकर आणि खिरटकर. काकांनीच आग्रह धरला. “उद्या नोटीस येईल म्हणून वाट कशाला पाहू?” ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात ओळीतल्या आणखी अकरा घरांनी पाठिंब्याच्या पत्रावर सह्या केल्या. ज्या शेजारणी दारातून हसत होत्या, त्या आता आत येऊन बसू लागल्या. प्रणिताने त्यांना काही सुनावलं नाही. थोडं सुनावावंसं वाटलं, एवढं खरं.

सुनावणी नोटिशीच्या त्रेपन्नाव्या दिवशी, दुपारी होती. नागपूरला जायची गरज नव्हती. काकांसह सगळे वरोऱ्याच्या कोर्टातल्या एका खोलीत जमले होते आणि पडद्यावर पीठासीन अधिकारी दिसत होत्या. बँकेचे वकील मुंबईहून, उपग्रहसेवेचा अभियंता आणखी कुठून तरी जोडलेला. ठशाचा नमुना दोन दिवस आधीच नागपूरला पोचवला होता. अधिकाऱ्यांनी तो हातात धरलेला पडद्यावर दिसला, तेव्हा प्रणिताने मोरेश्वरचा दंड घट्ट पकडला.

बँकेचे वकील दहा मिनिटं बोलले. माप जगभर मान्य आहे, चुकीची शक्यता नगण्य आहे. गेडाम उठल्या.

“माप चुकलं असं आमचं म्हणणंच नाही. माप अचूक आहे. आमच्या ठशाशी ते दोन मिलिमीटरपर्यंत जुळतं. प्रश्न इतकाच आहे की ते कशाचं आहे.”

अधिकाऱ्यांनी अभियंत्याला विचारलं, “हा बिंदू या घराचा आहे, हे कोणी ठरवलं?”

“प्रणालीने, मॅडम. सर्वांत जवळची उंच इमारत निवडली जाते.”

“प्रत्यक्ष जाऊन कोणी पाहिलं?”

तो काही क्षण कागद चाळत राहिला. “नाही, मॅडम.”

“तारणाचं घर विकायला काढण्यापूर्वी?”

बँकेच्या वकिलांनी वेळ मागून घ्यायचा प्रयत्न केला, पण अधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि आदेश सांगायला सुरुवात केली. नोटीस रद्द. दोन्ही घरांचा स्थैर्यांक नव्याने काढावा, बिंदू कशावर आहे ते जागेवर पाहून. आणि काळ्या मातीच्या भागात या बँकेने यापुढे प्रत्यक्ष पाहणीशिवाय एकाही घराचं कर्ज परत मागू नये.

पडदा काळा झाला. प्रणिताला आधी काही जाणवलंच नाही. ती खुर्चीतच बसून राहिली. मोरेश्वर तिच्यापुढे उकिडवा बसला. त्याचे डोळे भरले होते.

“मी तुला मिटवून टाक म्हणालो होतो,” तो म्हणाला.

“हो. दोनदा.”

“दोनदा,” त्याने मान्य केलं.

गेडाम फाइल बांधत होत्या. “आदेशाची प्रत हातात आल्याशिवाय पेढे वाटू नका,” त्या म्हणाल्या. “पण भूक लागली असेल तर खायला माझी हरकत नाही. मी सकाळपासून काही खाल्लं नाही.”

कोर्टाच्या फाटकाबाहेर तर्री पोह्यांची गाडी होती. दुपारचे चार वाजले होते, ही काही पोह्यांची वेळ नव्हती, पण गाडीवाल्याच्या पातेल्यात तर्रीचा तिखट रस्सा अजून उकळत होता. काका सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले आणि कोणाला तिखट हवं, कोणाला नको, ते ओरडून विचारू लागले. कागदी बशी प्रणिताच्या हातात आली. वर शेव, चिरलेला कांदा, तेलाचा लाल तवंग. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं, असं ती मोरेश्वरला म्हणाली. गेडाम उभ्याउभ्याच खात होत्या आणि एका हाताने फोनवर दुसऱ्या कोणाला तरी तारीख सांगत होत्या. काका गाडीवाल्याला त्याचा स्टोव्ह कसा चुकीचा जोडलाय ते समजावून देत होते.

प्रणिताने बशी संपवली, तळाचा रस्साही पिऊन टाकला आणि गाडीवाल्यापुढे रिकामी बशी धरली.

“दादा, अजून एक द्या. पूर्ण द्या.”

मोरेश्वर तिच्याकडे पाहतच राहिला. गेल्या त्रेपन्न दिवसांत तिला काही मागून खाताना त्याने पाहिलं नव्हतं.